माहूरचा डोंगर आणि ओझेकरी

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला विद्वानांना बोलवावे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. यंदा चालकांनी ती मोडली आणि मला बोलावले. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे शिक्षण झाले ते नांदेड-लातूरच्या अडत बाजारांत, हमालांच्या बिऱ्हाडांत आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. तीस वर्षे मी हमाल, मापाडी, बिड्या वळणाऱ्या बाया आणि बांधकामावरचे मजूर यांच्या संघटनेचे काम करीत आलो आहे. त्यामुळे एखादी जुनी वास्तू पाहिली की ती कोणी बांधवली हा प्रश्न मला मागाहून सुचतो; हा दगड इथवर कोणी आणला, हा आधी सुचतो. ही खोड आता जायची नाही. तेव्हा आज ही खोड बरोबर घेऊनच मी आपल्याला माहूरच्या डोंगरावर नेणार आहे.

या विषयाला एक निमित्त घडले. लातूरच्या अडत बाजारात दुपारच्या सुट्टीत मी माहूरची माहिती देणारे एक पुस्तक वाचीत बसलो होतो. शेजारी भाकरी खात बसलेला एक म्हातारा हमाल नुकताच माहूरची यात्रा करून आलेला होता. त्याने विचारले, "काय लिवलंय गडाबद्दल?" मी वाचून दाखवू लागलो. अमक्या सुलतानाने गड घेतला, तमक्या सुभेदाराने बुरूज बांधला, अमक्या साली तो मोगलांकडे गेला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजे मजूर-बिजूर कोणी नव्हतंच. मग गड काय उडत गेला वर?" आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर मात्र मला देता आले नाही. आज मी जे सांगणार आहे ते त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. ते अपुरे आहे, हे आधीच कबूल करतो.

प्रथम जागा पाहू. नांदेडहून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास गेले की सागाच्या रानात माहूर लागते. पैनगंगा या डोंगराळ मुलखाला वळसा घालून जाते. नदीपलीकडे विदर्भ, यवतमाळ जिल्हा. आज आपल्याला दिसते ते तालुक्याचे लहानसे गाव. परंतु मातापूर, मातृपूर या नावांनी ओळखले जाणारे हे स्थान एके काळी एका मोठ्या प्रांताचे मुख्य ठाणे होते. आपण 'माहूरचा डोंगर' असे एकवचनात बोलतो. वस्तुतः तिथे तीन शिखरे आहेत. एकावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया. जवळच्याच डोंगरावर किल्ला आहे. माहूरगड म्हणा किंवा रामगड म्हणा. गावाजवळ खडकात कोरलेले पांडवलेणे आहे, मातृतीर्थ आहे, महानुभावांचे देवदेवेश्वर आणि मेरुवाळा तीर्थ आहे, सोनापिराचा दर्गा आहे. इतक्या थोड्या जागेत इतक्या पंथांच्या भाविकांचे पाय लागतात, अशी दुसरी जागा आपल्या मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक. इथली कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. सहस्रार्जुनाच्या हल्ल्यात जमदग्नी ऋषींचा वध झाला. तेव्हा परशुरामाने खांद्यावर कावड घेतली. एका बाजूला पित्याचा देह आणि दुसऱ्या बाजूला माता रेणुका. जिथे पूर्वी कोणाचेच दहन झालेले नाही अशी कोरी भूमी शोधीत तो निघाला आणि माहूरला आला. दत्तात्रेयांनी ती भूमी दाखविली आणि अंत्यविधीचे आचार्यत्वही केले. विधीसाठी पाणी हवे म्हणून परशुरामाने बाण मारला, ते मातृतीर्थ. रेणुका तिथे सती गेली. पुढे आईच्या आठवणीने तो व्याकुळ झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की आई भूमीतून वर येईल, परंतु तू मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही. त्याने मागे पाहिले आणि मुखच तेवढे वर आले. म्हणून गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही. सुमारे पाच फूट उंचीचा मुखाचा तांदळा आहे.

ही श्रद्धेची कथा आहे. इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या डोंगराच्या पहिल्याच कथेत खांद्यावरची कावड आहे. आईबापांचे ओझे घेऊन एक मुलगा रानोमाळ चालतो आहे. लोकांच्या स्मृतीने डोंगराचा आरंभ ओझे वाहण्यापासून केला. लेखी इतिहासाने मात्र खांदा सोडला आणि फक्त पालखीतल्याचे नाव धरून ठेवले.

लेखी इतिहास सुरू होण्यापूर्वीचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे पांडवलेणे. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. जुने लेणे दिसले की त्याला पांडवांचे नाव द्यायचे, ही आपली सर्वत्र चालत आलेली सवय आहे. हे लेणे राष्ट्रकूट काळातले. राष्ट्रकूट म्हणजे आपल्याला परके नव्हेत. आपल्या बिरुदांत ते स्वतःला लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि लत्तलूर म्हणजे आपले लातूर असे बहुतेक विद्वान मानतात. कंधार हे त्यांचे मोठे नगर. तिथला जगत्तुंग समुद्र हा तलाव त्याच घराण्याची आठवण सांगतो. वेरूळचे कैलास लेणे कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, कोरले गेले. त्याच काळाच्या कारागिरीची एक शाखा माहूरच्या खडकापर्यंत पोचलेली दिसते.

आता लेणे म्हणजे काय, हे कामगाराच्या हिशेबाने पाहू. इमारत खालून वर बांधतात. लेणे वरून खाली कोरीत आणतात. आधी छत, मग खांबांची डोकी, मग खांब, शेवटी जमीन. याचा फायदा असा की पाहाड बांधावा लागत नाही. उभे राहायला खडकच असतो. पण चूक दुरुस्त करता येत नाही. खांबाचा टवका उडाला तर तो परत चिकटविता येत नाही. आता समजा, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच एवढे दालन मोकळे करायचे आहे. तीनशे घनमीटर खडक निघाला. आपल्या काळ्या पाषाणाचा एक घनमीटर अठ्ठावीस क्विंटलांच्या आसपास भरतो. म्हणजे ८४० टन झाले. एका पाटीत तीस किलो धरले तर अठ्ठावीस हजार पाट्या. छिन्नी चालविणारा वेगळा, तिला धार लावणारा लोहार वेगळा आणि ह्या अठ्ठावीस हजार पाट्या डोक्यावर घेऊन बाहेर टाकणारी माणसे वेगळी. पाहायला येणारे आपण खांबांची शोभा पाहतो. पण लेणे म्हणजे खरे तर बाहेर नेऊन टाकलेला दगड आहे. जे दिसत नाही तेच तिथले मोठे काम.

ह्या माणसांची नावे कुठे असतील? मिसर देशात राजांच्या कबरी कोरणारे कामगार एका वस्तीत राहत. तिसऱ्या रामेसीसच्या कारकिर्दीत, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, त्यांचे धान्य थकले. तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळापाशी जाऊन बसले. त्यांच्यातल्याच एका लेखनिकाने ती हकिगत पपायरसवर लिहून ठेवली, म्हणून तीन हजार वर्षांनंतरही जगातला पहिला नोंदलेला संप म्हणून आपण तो ओळखतो. माहूरच्या लेण्यात धान्य थकले नसेल, असे कोण म्हणेल? पण तिथे लेखनिक मजुरांच्या बाजूला बसलेला नव्हता.

राष्ट्रकूटांनंतर यादव आले. रेणुकेचे मंदिर देवगिरीच्या यादव राजाने बांधले, अशी परंपरा आहे. याच काळात महानुभाव पंथ उदयाला आला आणि माहूरला मराठी वाङ्मयात कायमची जागा मिळाली. महानुभावांच्या पंचकृष्णांत दत्तात्रेय आहेत. त्यांच्या परंपरेप्रमाणे फलटणच्या चक्रपाणींना माहूरच्या डोंगरावर दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात दर्शन दिले आणि मस्तकावर पंजा ठेवला. रवळोबासांचा 'सह्याद्रिवर्णन' हा ग्रंथ याच डोंगराबद्दल आहे. महानुभावांचा सह्याद्री म्हणजे माहूर. मला या पंथाच्या ग्रंथांचे फार अप्रूप वाटते. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'सारख्या तेराव्या शतकातल्या पुस्तकात गुराखी, माळी, तेली, म्हातारी बाई अशी साधी माणसे आपल्या तोंडची भाषा बोलतात. राजांच्या शिलालेखांत दान देणारा असतो. इथे भाकरी देणारा आहे.

दत्ताबद्दल अशी समजूत आहे की तो काशीला स्नान करतो, करवीरला भिक्षा मागतो आणि माहूरला निद्रेला येतो. म्हणजे देवाचीही कामाची पाळी ठरलेली आहे आणि विश्रांतीची जागाही ठरलेली आहे. एवढी गोष्ट आमच्या हमालांना मिळवायला कायदा करावा लागला. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ सालचा आहे.

किल्ल्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आपल्यासाठी भरपूर ठेवले आहे, त्यामुळे तो मी थोडक्यात सांगतो. पंधराव्या शतकात, १४२५ च्या सुमारास, अहमदशहा बहमनीने माहूरवर चाल केली. पुढे बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने सुभेदार फार बलिष्ठ होऊ नयेत म्हणून चार मोठ्या तरफांच्या आठ केल्या. तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले. उत्तरेचा गाविल आणि दक्षिणेचा माहूर. गाविलवर फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क आणि माहूरवर खुदावंदखान हबशी. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ज्यांना आणले गेले त्या लोकांतला एक सरदार पैनगंगेकाठच्या या गडावर राज्य चालवीत होता. १४८१ साली खोट्या पत्राच्या आरोपावरून गवानचाच शिरच्छेद झाला आणि त्याची घडी विस्कटली. माहूर पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेले, १५७४ साली वऱ्हाडबरोबर अहमदनगरच्या निजामशाहीत आले आणि १५९६ नंतर मोगलांकडे.

सत्ता बदलली की गडाची डागडुजी आलीच. डागडुजी म्हणजे पायथ्याच्या गावांना वेठ. चुन्याच्या घाणीला बैल लागतात, चुना मळायला पाणी लागते, पाणी पखालींनी चढवावे लागते. गडाच्या पोटात तलाव आहे. आज तो पाहून आपण म्हणतो, केवढी सोय! सोय खरीच. पण तलावाची माती काढून तटावर नेणारे आणि त्याचे पाणी महालापर्यंत वाहणारे, त्यांची ती सोय नव्हती. त्यांचे ते काम होते. हत्ती दरवाजाच्या कमानीखाली उभे राहिले की हत्ती आठवतो. मला त्या कमानीचा शेवटचा दगड चढवून खालचा लाकडी आधार काढणारा गवंडी आठवतो. आधार काढताना कमान बसली तर पहिला बळी त्याचाच.

अकबराच्या दरबारातला अबुल फजल 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करतो, त्यात माहूर सरकार आहे. डोंगरावरचा बळकट किल्ला, शेजारी देवीचे देऊळ, एवढे सांगून तो एकदम म्हशींकडे वळतो. इथल्या म्हशी उत्तम जातीच्या असून एकेक अर्धा मण आणि त्याहूनही अधिक दूध देते, असे तो लिहितो. अकबरी मण सुमारे पंचवीस किलोचा होता. मोगल दरबाराचा हिशेब किती बारीक! महसूल मोजला, फौज मोजली, म्हशीचे दूध मोजले. म्हैस चारणाऱ्या आणि धार काढणाऱ्या माणसाला मात्र रकाना नाही.

त्यानंतर गडावर एक मोठा पाहुणा आला. शहाजादा खुर्रम, म्हणजे ज्याने पुढे ताजमहाल बांधविला तो शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून उठला होता. १६२३ साली उत्तरेत पराभव झाल्यावर तो दक्षिणेत पळाला, तापी ओलांडून माहूरला आला आणि इथून गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसा-बंगालकडे गेला. जाताना त्याने हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाजीरामाच्या हवाली केले. लवकर पळायचे तर आधी ओझे टाकावे लागते. शहाजाद्याने ते टाकले. ते इथपर्यंत आणणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे कोणी लिहिलेले नाही.

त्याच उदाजीरामाच्या घराण्यातली रायबागन. घरातले कर्ते पुरुष गेल्यावर तिने माहूरची जहागीर सांभाळली, मोगलांच्या बाजूने लढाया केल्या आणि औरंगजेबाकडून रायबागन, म्हणजे राजवाघीण, हा किताब मिळविला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज कोकणात उतरताना उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कोंडली. त्या फौजेत रायबागन होती. रान दाट, वाट अरुंद, पाणी नाही. हट्ट न धरता शरण जावे, हा सल्ला तिने खानाला दिला आणि सारे सामान मागे ठेवून फौजेने आपला जीव वाचविला. शत्रूच्या बाजूची म्हणून आपण तिच्याकडे तिरकस नजरेने पाहतो. पण तहानेने मरणाऱ्या हजारो शिपायांच्या आणि हमालांच्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी त्या फौजेत शहाणपणाचा शब्द तिचाच होता.

इथे माहूरच्या आसपासच्या एका समाजाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. माहूर-किनवटच्या रानात गोंड, कोलाम, आंध यांची पाडे-वस्त्या आहेत आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मोगलांच्या फौजा दक्षिणेत महिनोन्महिने राहू शकल्या त्या बंजाऱ्यांच्या जिवावर. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे तांडे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जात. दोन फौजा समोरासमोर असल्या तरी तांड्याला सहसा कोणी हात लावीत नसे. कारण त्याच्याशिवाय दोघेही उपाशी मरतील. मग एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आले, आगगाडी आली. बैलाच्या पाठीवरचे ओझे डब्यात गेले. देशाचे भले झाले, यात संशय नाही. पण बंजारा समाजाचे काय करायचे, हे कोणी ठरविले नाही. १८७१ च्या कायद्याखाली पुढे अनेक फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यातून काही प्रांतांत बंजारेही सुटले नाहीत. तो कायदा १९५२ साली गेला. आज त्याच तांड्यांतली माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ओझे उतरले, पण पाठ मोकळी झाली नाही.

मोगलांनंतर निजाम. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईने निजामाचे आसन पक्के झाले. १८५३ साली त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पैनगंगा ही सरहद्द ठरली. ज्या माहूरने कधी काळी अर्धा वऱ्हाड सांभाळला, त्याला नदीपलीकडचा वऱ्हाड परका झाला. याच नदीने पुढे आपले ऋण फेडले. १९४७-४८ साली हैदराबाद मुक्तिसंग्राम चालू असताना नदीपलीकडे उमरखेडला कार्यकर्त्यांचे केंद्र होते. रझाकारांच्या जाचातून सुटायचे तर पैनगंगा ओलांडायची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९६० साली आपण सारे महाराष्ट्र राज्यात आलो. गडाचे धनी बदलण्याची ती शेवटची वेळ. आता धनी आपण आहोत, असे राज्यघटना सांगते. म्हणून यापुढचा प्रश्न राजांना विचारता येणार नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

तो प्रश्न मला पहिल्यांदा कळला तो माझ्या आईमुळे. रेणुका आमची कुलदेवता. आईचे गुडघे गेलेले, तरी मरण्यापूर्वी एकदा मुख पाहायचे, ही तिची इच्छा. मी तिला घेऊन गेलो. देवळापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या. पायथ्याशी डोलीवाले उभे होते. मी तेव्हा तरुण कार्यकर्ता. सभांतून नुकताच म्हणू लागलो होतो की माणसाने माणसाच्या खांद्यावर बसू नये. मी डोली नाकारली आणि आईला म्हणालो, "आपण बसत बसत चढू." ती काही बोलली नाही. तीस-चाळीस पायऱ्यांवर तिचा श्वास लागला. एक डोलीवाला मागोमाग आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुमचं तत्त्व मला पटतं. पण आज सकाळपासून मला एकच सवारी भेटली. तुमच्या तत्त्वानं माझ्या घरी चूल पेटायची न्हाई, आन् तुमच्या आईला देवीही दिसायची न्हाई."

मी गप्प झालो. आई डोलीत बसली. तिचे वजन पंचेचाळीस किलो असेल. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली ओझ्याबद्दल करार केला, तेव्हा सोबतच्या शिफारशीत एका पुरुषाने वाहायची मर्यादा ५५ किलो धरली. बाजारात आम्ही शंभर किलोचे पोते पन्नासवर आणण्यासाठी भांडलो ते याच आधारावर. त्या हिशेबाने डोलीवाले मर्यादेत होते. पण पायरीपायरीला त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा उठत होत्या, त्या मी मागून चढताना पाहत होतो. वर पोचल्यावर आईने आधी त्या दोघांच्या हातावर पैसे ठेवले, त्यांच्या खांद्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग ती दर्शनाला गेली. मला ते त्या वेळी रुचले नाही. आज वाटते, माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा तिला ती गोष्ट अधिक कळली होती. ओझे वाईट हे खरे. पण ओझेकऱ्याला विचारल्याशिवाय ते उतरवणे, हेही एक प्रकारचे मालकीपणच.

श्रोतेहो, आता त्या डोंगरावर लिफ्टची भाषा सुरू झाली आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. गुडघे गेलेल्या प्रत्येक आईला देवीचे मुख पाहता आले पाहिजे आणि कोणाच्याही पोटऱ्यांच्या शिरा त्यासाठी उठू नयेत. यंत्राने माणसाचे ओझे घ्यावे, हीच तर आमच्या चळवळीची जुनी मागणी. पण बंजाऱ्यांच्या बाबतीत जे झाले ते पुन्हा होऊ नये. लिफ्ट येण्याआधी डोली उचलणाऱ्यांची यादी व्हावी. लिफ्टच्या कामावर पहिला हक्क त्यांचा असावा. यंत्र चालवायला शिकता येते, आगगाडी चालवायला आपण शिकलोच. माहूरचा तांबूल प्रसिद्ध आहे. पानाचा विडा खलबत्त्यात कुटून तो प्रसाद म्हणून देतात. दिवसभर बत्ता हाणणारे हात बहुधा बायांचे असतात. पायऱ्यांवरची वर्दळ वर गेली की त्यांच्या पाटीपुढे कोण थांबणार, याचाही विचार व्हावा. आणि गडाची माहिती देणाऱ्या फलकावर राजांच्या नावांखाली एक ओळ वाढवावी, की हे बांधकाम पाथरवट, बेलदार, गवंडी, लोहार आणि ओझेकरी यांनी केले. नावे मिळणार नाहीत. धंद्यांची नावे तरी लिहिता येतील.

शेवटी, ज्याने मला हा प्रश्न विचारला त्या हमालाकडे परत येतो. मागच्या हिवाळ्यात मी त्याला आणि आमच्या संघटनेतल्या एका वडार मित्राला घेऊन माहूरला गेलो. पायऱ्या चढायच्या आधी आम्ही पांडवलेण्यात शिरलो. मी राष्ट्रकूटांची माहिती सांगू लागलो. वडार मित्राचे लक्ष माझ्याकडे नव्हते. तो एका अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे भिंत गुळगुळीत केलेली नाही अशा जागी, टाकीच्या घावांवर बोटे फिरवीत होता. थोड्या वेळाने त्याने हमालाला हाक मारली आणि त्याचा हात धरून त्या घावांवर ठेवला. म्हणाला, "हे सगळे घाव एका बाजूला कललेत, आन् एवढे उलट्या बाजूला. हितं एक डावखुरा होता."

हमालाने बराच वेळ हात काढला नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एका मजुराबद्दल एवढी एकच गोष्ट आम्हाला कळली. पण ती खात्रीची होती, आणि ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.